मुंबई ते नागपूर : अंतर कोणते आणि वेळ कोणता

नागपूरला आई-बाबांकडे जायला निघाले की आदल्या रात्री आईचा फोन येतो आणि तिचा प्रश्न ठरलेला असतो : "विमान किती वाजता पोचणार?" मी तिकीट बघून सांगते की साडेआठला. त्यावर मागून बाबांचा आवाज येतो, "म्हणजे सव्वाआठ." गेल्या काही वर्षांत तिकिटापेक्षा बाबाच जास्त वेळा खरे ठरले आहेत आणि त्याचे कारण त्यांनाही सांगता येत नसे. विमान वेळेआधी पोचते तेव्हा आपण वैमानिकाचे कौतुक करून मोकळे होतो. पण एकच विमान महिन्यातून इतक्या वेळा 'वेळेआधी' कसे पोचते, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि मग मुंबई-नागपूर हे अंतर नेमके किती आणि ते कापायला लागणारा वेळ नेमका कुठून कुठपर्यंत मोजायचा, या चौकशीत मी पुरती अडकले.

आधी अंतराकडे वळते, कारण ते कोणालाही शाळेतल्या गणितावर काढता येते. मुंबईचा सांताक्रूझ-सहारचा विमानतळ सुमारे १९.०९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे, नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ, ज्याला नागपूरकर अजूनही सोनेगावच म्हणतात, तो २१.०९ अक्षांशावर आणि ७९.०५ रेखांशावर आहे. म्हणजे नागपूर मुंबईच्या २ अंश उत्तरेला आणि ६.१८ अंश पूर्वेला आहे. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे जवळजवळ १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना आकसत जातो आणि आपल्या या पट्ट्यात तो साधारण साडेएकशे चार किलोमीटरचा उरतो. उत्तरेकडचे सुमारे २२२ किलोमीटर आणि पूर्वेकडचे सुमारे ६४५ किलोमीटर काटकोनात मांडले की पायथागोरसच्या कृपेने कर्ण निघतो ६८२-६८३ किलोमीटरचा. पृथ्वी गोल असल्यामुळे खरे तर गोलावरचे अंतर काढायला हवे, परंतु एवढ्या अंतरात दोन्ही उत्तरांत फरक पडतो तो नगण्य. लंडन किंवा न्यूयॉर्कसाठी ही युक्ती वापरू नये. नागपूरसाठी ती बेलाशक चालते.

वैमानिक हेच अंतर ३६९ नॉटिकल मैल असे सांगेल. नॉटिकल मैल म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर. त्यामुळे नागपूर २ अंश उत्तरेला आहे म्हटल्याबरोबर त्याच्या मनात १२० नॉटिकल मैल आपोआप उमटतात. आपल्याला अवघड वाटणारे हे माप नकाशाशी बोलणाऱ्यांसाठी किती सोयीचे आहे, हे हा हिशेब करेपर्यंत मला कळले नव्हते.

आता, वाटेत ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणाऱ्या विमानाला ६८३ किलोमीटरला पन्नास-बावन्न मिनिटे पुरायला हवीत. तिकिटावर मात्र कुठे एक तास पंचवीस मिनिटे, तर कुठे एक तास चाळीस मिनिटे छापलेली असतात आणि विमान सुटल्यावर वैमानिक सांगतो की आपला हवेतला वेळ एक तास पाच मिनिटांचा असेल. एकाच प्रवासाचे हे तीन वेळ आहेत आणि तिन्ही खरे आहेत.

पन्नास मिनिटांचे एक तास पाच मिनिटे कसे होतात, ते खिडकीशी बसणाऱ्याला दिसते. मुंबईत वारा बहुतेक दिवस समुद्रावरून येतो आणि विमानाने वाऱ्याला तोंड देऊन उडायचे असते, त्यामुळे नागपूरला, म्हणजे पूर्वेला, जायचे असूनही विमान पश्चिमेकडे तोंड करून धावते, जुहूच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रावर जाते आणि मग वळण घेऊन पुन्हा जमिनीकडे येते. पहिली काही मिनिटे आपण नागपूरपासून दूर जात असतो. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली वेग २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, याहून सहसा वाढवायचा नसतो. पूर्ण उंचीवर पोचायला पंधरा-वीस मिनिटे जातात. आणि नागपूरच्या बाजूला वर्धा जिल्ह्याच्या आधीच उतरण सुरू होते. पाऊण हजार किलोमीटरही नसलेल्या या प्रवासात विमान आपल्या खऱ्या वेगाने जाते ते जेमतेम निम्मा वेळ. प्रवास जितका लहान, तितका चढ-उताराचा वाटा मोठा. मुंबई-दिल्लीचे अंतर मुंबई-नागपूरच्या दीडपटीहून बरेच अधिक असूनही वेळ त्या प्रमाणात का वाढत नाही, याचे उत्तर यातच आहे.

आणि तिकिटावरचे दीड तास? तो वेळ विमान आपल्या जागेवरून हलते त्या क्षणापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी जाऊन थांबते त्या क्षणापर्यंतचा असतो. त्यात मुंबईच्या धावपट्टीपर्यंतची रांग येते. मुंबईत धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी स्वतंत्रपणे उड्डाणे करता येत नाहीत आणि तासाला चाळीसहून अधिक विमानांची ये-जा प्रत्यक्षात एकाच धावपट्टीवर होते. सकाळी सात वाजता समोर सात-आठ शेपट्या ओळीने उभ्या दिसल्या की वैमानिकाने न सांगताही कळते. या रांगेचा अंदाज धरून कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटे आधीच पेरून ठेवतात, कारण 'वेळेवर' या शब्दाची मोजणी वेळापत्रकाशी होते आणि पंधरा मिनिटांच्या आतला उशीर उशिरात धरला जात नाही. रांग नसली की पेरलेली मिनिटे उरतात आणि विमान सव्वाआठला पोचते. बाबांच्या अंदाजामागे हे एवढेच गुपित होते. त्यांना ते समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग आधीच सव्वाआठ का लिहीत नाहीत?" याला उत्तर आहे, पण ते प्रवाशाच्या बाजूचे नाही.

बाबांचे एक मित्र संध्याकाळच्या फिरण्यात मला नेहमी सांगतात की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा मुंबईला जाणारे विमान लवकर पोचले पाहिजे, कारण मुंबईच त्याच्याकडे येत असते. काका निवृत्त शिक्षक असल्यामुळे मी वाद घालत नाही. परंतु हवादेखील पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेत असते. फरक पडतो तो पृथ्वीच्या तुलनेत वाहणाऱ्या वाऱ्यामुळे. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना ते पाठीशी असतात आणि परत येताना तोंडावर येतात. पावसाळ्यात हे उलटते : भारताच्या दक्षिण भागावर उंच आकाशात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जोरकस प्रवाह तयार होतो. १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास करून तो जगापुढे मांडणारे हवामानशास्त्रज्ञ होते पी. कोटेश्वरम. त्या प्रवाहाचा गाभा आपल्या दक्षिणेला आणि विमानाच्या नेहमीच्या उंचीहून वर असतो, तरी जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरहून परत येताना त्याच्या काठाचा थोडा हात पाठीवर असतो.

याचा हिशेब शाळेतल्या होडी-प्रवाहाच्या उदाहरणासारखा आहे. समजा वरच्या उंचीवरचे ६०० किलोमीटर ताशी ८०० च्या वेगाने कापायचे आहेत; वारा नसेल तर पंचेचाळीस मिनिटे लागतात. हिवाळ्यात ताशी ७० किलोमीटरचा वारा धरला तर जाताना सुमारे एक्केचाळीस आणि येताना सुमारे एकोणपन्नास मिनिटे लागतात, म्हणजे एकाच रस्त्यावर आठ मिनिटांचा फरक. शिवाय दोन्ही मिळून नव्वदपेक्षा थोडे अधिकच होतात, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो. पाठीवरच्या वाऱ्याने दिलेले समोरच्या वाऱ्याने नेलेल्याची भरपाई करत नाही, हे सातवीत गणिताच्या बाई घसा फोडून सांगत होत्या, ते मला चाळिशीत नागपूरच्या विमानात पटले.

जाता-येता आणखी एक गंमत आहे. पूर्वेकडे जाणारी विमाने ३३,००० किंवा ३५,००० अशा विषम हजारांच्या उंचीवर उडतात आणि पश्चिमेकडे जाणारी ३४,००० किंवा ३६,००० अशा सम हजारांवर, म्हणजे समोरासमोर येणाऱ्यांमध्ये किमान हजार फुटांचे अंतर राहते. वैमानिक उंची सांगतो तेव्हा आपण कोणत्या दिशेला चाललो आहोत, हे डोळे मिटूनही ओळखता येते.

मुंबई आणि नागपूर यांच्यात घड्याळाचा फरक नाही, सूर्याचा मात्र आहे. ६.१८ अंशांना प्रत्येकी चार मिनिटे धरली की जवळजवळ पंचवीस मिनिटे होतात, आणि सूर्य नागपूरला सरासरी तेवढा आधी उगवतो आणि आधी मावळतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत टिकवून धरली होती. संध्याकाळच्या विमानाने नागपूरला जाताना अंधार अंगावर धावून येतो आणि परतीच्या विमानात तांबूस उजेड संपता संपत नाही. वीस अंश अक्षांशावर रात्रीच्या सावलीची कड ताशी साधारण १,५६५ किलोमीटरने पश्चिमेकडे सरकते आणि विमान त्याच्या निम्म्या वेगाने तिच्यापुढे पळत असते, त्यामुळे सूर्यास्त दुप्पट लांबतो.  मावळतीचा उजेड नाकाच्या दिशेला असतो, हिवाळा सोडला तर त्यातल्या त्यात उजवी बाजू बरी.

रेल्वेचे अंतर वेगळे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नागपूरपर्यंत रूळ ८३७ किलोमीटर चालतात, कारण ते कर्णाने जात नाहीत : कसाऱ्याला जादा इंजिने लावून थळ घाट चढायचा, इगतपुरी, नाशिक रोड, मनमाड, जळगाव करत ईशान्येला भुसावळ गाठायचे, तिथून अकोला, बडनेरा, वर्धा आणि मग पुन्हा वर नागपूर. हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. विदर्भ एक्स्प्रेस त्यावर रात्रभर चालून साधारण चौदा तास घेते. लहानपणी आमच्यासाठी मुंबईचे अंतर म्हणजे ती एक रात्र, बडनेऱ्याचा चहा आणि सकाळी कसाऱ्याच्या बोगद्यांत मोजलेले अंधार. ८३७ हा आकडा रेल्वेत भाडे ठरवतो, म्हणून त्याला वजन आहे. विमानाच्या भाड्याचा अंतराशी असा थेट संबंध नाही. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरला भरले की अंतर तेवढेच राहते आणि तिकीट आकाशाला भिडते. एकदा मात्र विमानाच्या भाड्याला असे माप लागले होते : करोनाच्या काळात, २५ मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत, केंद्र सरकारने भाड्याच्या मर्यादा घातल्या आणि त्यासाठी देशातले मार्ग उड्डाणाच्या वेळेनुसार सात गटांत वाटले, चाळीस मिनिटांच्या आतले, चाळीस ते साठचे, साठ ते नव्वदचे, असे पुढे. लक्ष देण्याजोगे हे की सरकारने किलोमीटर धरले नाहीत, मिनिटे धरली.

रस्त्याचे अंतर हा सर्वांत ताजा विषय आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, पण तो मुंबईत सुरू होत नाही आणि नागपूरच्या मध्यावर संपत नाही. तो भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरबाहेरच्या शिवमडक्यापर्यंत आहे. या दोन टोकांमधले सरळ रेषेतले अंतर साधारण ६४० किलोमीटर, म्हणजे एवढा डोंगराळ मुलूख ओलांडूनही रस्ता सरळ रेषेहून फक्त दहा टक्क्यांच्या आसपास लांब आहे. नागपूर-शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटरची आहे. पूर्वी गाडीने पंधरा-सोळा तास लागत, आता थांबे धरून आठ-नऊ तासांत जाता येते. जेट विमानाचा वेग मात्र गेल्या पन्नास वर्षांत जवळपास तेवढाच राहिला आहे आणि गर्दीमुळे छापील वेळ उलट वाढला आहे. त्या सरळसोट काँक्रीटवर रात्री एकटीने गाडी चालवायला मी अजून धजावलेली नाही. सतत एकसारखा रस्ता समोर असला की डोळे उघडे राहून मन झोपते, हे तिथल्या अपघातांनी पुरेसे दाखवले आहे.

अंतराच्या या शोधात मला सर्वांत जास्त रमवले ते रात्रीच्या टपाल विमानांनी. जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून डाकोटा विमाने रात्री निघत, मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. नागपूर देशाच्या मधोमध आहे, म्हणून हे शक्य झाले, असे आपण सहज म्हणतो. आजच्या विमानतळांच्या जागा धरून मी चारही अंतरे काढून पाहिली : मुंबई ६८३, दिल्ली सुमारे ८५५, चेन्नई सुमारे ९१० आणि कोलकाता सुमारे ९८५ किलोमीटर. म्हणजे 'मधोमध' हे चारही बाजूंनी सारखे नव्हते. मुंबई सर्वांत जवळची होती आणि कलकत्त्याच्या विमानाला तीनशे किलोमीटर अधिक कापायचे होते. ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरच्या वेगाने उडणाऱ्या डाकोटाला मुंबईहून पोचायला अडीच तासांहून अधिक आणि कलकत्त्याहून पावणेचार तासांच्या आसपास लागत असणार. तरी चौघांची गाठ एकाच धावपट्टीवर पडावी लागे. दोन दशकांहून अधिक काळ ही सेवा चालली. मुंबईला रात्री पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीला मिळायचे, ते सोनेगावच्या त्या तासा-दोन तासांच्या भरवशावर.

माझा स्वतःचा हिशेब मात्र नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या दारापासून सुरू होतो. विमानतळापर्यंत ऐरोलीचा किंवा वाशीचा पूल धरून सव्वा तास. सामान द्यायची खिडकी विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते म्हणून तिथे दीड तास आधी. मग छापील दीड तास. सोनेगावला सामान घ्यायला वीस मिनिटे, कारण विमानतळ आटोपशीर आहे. आणि तिथून धरमपेठेतल्या घरी पंचवीस मिनिटे. हे सगळे मिळून पाच तास भरतात आणि त्यातला हवेतला वेळ एक तास पाच मिनिटांचा, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. हा हिशेब मी आईला ऐकवला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे कुकर नऊला लावू, की सव्वानऊला?" तिला अक्षांश, वारा, रांग यांतले काहीच नको होते. तेव्हापासून मी तिला विमानाचा वेळ सांगत नाही; कुकरचा सांगते.

आता नवी मुंबईच्या विमानतळाचेही ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आहे, त्यामुळे 'मुंबई-नागपूर' या शब्दातली मुंबई कोणती, हेही विचारायला हवे. तिथून नागपूरचे सरळ अंतर सुमारे ६६७ किलोमीटर भरते, म्हणजे सोळा किलोमीटर कमी. हवेत हा फरक मिनिटभराचा. खरा फरक आपण खाडीच्या कोणत्या बाजूला राहतो यावर अवलंबून राहील.

परतीच्या विमानात मी शक्यतो डावीकडची खिडकी घेते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने आमच्या वस्तीवरूनच जातात. धावपट्टी अजून चौदा-पंधरा किलोमीटर दूर असते आणि उतरणीच्या तीन अंशांच्या कोनाने पाहिले तर विमान जमिनीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर असते. मागच्या खेपेला माझ्या लेकाने मोबाइलवर विमान शोधून ठेवले होते आणि ते डोक्यावर आले तेव्हा तो गच्चीवर उभा राहून हात हलवत होता. मला अर्थातच तो दिसला नाही, पाण्याच्या टाक्या आणि खाडीकाठचे दिवे तेवढे दिसले. उतरणे, जागेवर जाऊन थांबणे, सामान, टॅक्सीची रांग आणि परतीचा पूल एवढे करून मी बेल वाजवली, तेव्हा दार उघडून तो म्हणाला, "आई, तू तर कधीच येऊन गेलीस. दीड तास कुठे होतीस?"